सगळा वर्ग तापट निघाला

आमचे मुख्याध्यापक पन्हाळ्यावरच्या कार्यशाळेला एकटेच गेले होते, परत आले ते चार रंग घेऊन. सोमवारी प्रार्थना झाल्यावर त्यांनी आम्हा शिक्षकांना थांबवून घेतलं आणि सांगितलं, की माणसाचे स्वभाव चार असतात, प्रत्येक स्वभावाची शिकण्याची पद्धत निराळी असते, आणि आजवर आपण सगळ्या मुलांना एकाच पद्धतीनं शिकवून त्यांचं अतोनात नुकसान केलेलं आहे. हे नुकसान मी वीसेक वर्षं गणित शिकवून करत आले होते, म्हणून मी मान खाली घातली. शेजारच्या मराठीच्या बाईंनी माझ्या कानात विचारलं, "पगारातनं कापून घेत्यात का काय आता?"

तापट तो लाल. त्याला हातानं काहीतरी करायला द्यायचं, म्हणजे तो शिकतो. बडबड्या तो पिवळा, त्याला गटात बसवून बोलतं करायचं. निवांत तो हिरवा, त्याला चित्रं दाखवायची. आणि गंभीर तो निळा, त्याच्या हातात पुस्तक देऊन आपण बाजूला व्हायचं. थोडक्यात, ज्याच्यासाठी शिक्षकाला काहीच करावं लागत नाही तो निळा. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत निळा रंग सगळ्यांना एकदम आवडला. मुख्याध्यापक स्वतः निळे निघाले होते. तसं प्रमाणपत्र त्यांना पन्हाळ्यावरच मिळालं होतं, आणि ते काचेच्या चौकटीत घालून त्यांनी खुर्चीमागं लावलं.

स्वभावाचा आणि शिकण्याचा काही संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या कुणालाही तो दिसतो. गणित चुकलं की कुणी पान फाडतो, कुणी खोडरबर घासून कागदाला भोक पाडतो, कुणी शेजारच्याचं बघून उत्तर लिहितो आणि वर माझ्याकडे बघून हसतो. एखादा चिडल्याशिवाय शिकतच नाही. एखाद्याला जरा आवाज चढवून बोललं की त्याला येत असलेलंही येईनासं होतं. पण ह्या सगळ्याचं एक अवघड असं आहे, की पहिल्या तासाला लाल असलेलं पोर मधल्या सुट्टीत डबा खाऊन आलं की हिरवं होतं, आणि शनिवारी सकाळी तर त्याला कुठलाच रंग नसतो. वीस वर्षांत मला एवढंच कळलं होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

आधी चाचणी आम्हा शिक्षकांची झाली. प्रश्नपत्रिका घरी भरून आणायची होती. मी ती रविवारी दुपारी भरली, तांबडा-पांढरा रस्सा जेवून झाल्यावर, पंख्याखाली पडून. त्या वेळेला कोल्हापुरात बहुतेक सगळेच निळे असतात. माझाही निकाल निळा आला, 'शांत, चिंतनशील, संघर्ष टाळणारी'. तो शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला तेव्हा शिपायापासून पर्यवेक्षकांपर्यंत सगळे पोट धरून हसले. मला इतका राग आला की मी हातातलं खडूचं खोकं टेबलावर आपटलं. खडू सगळीकडे उडाले. तरी निकाल बदलला नाही.

मग मुलांची पाळी आली. सुरुवात नववीपासून करायची ठरलं होतं. चाचणी पुण्याच्या एका तज्ज्ञांनी तयार केलेली होती आणि ती घ्यायला ते स्वतः आले. नीटनेटके गृहस्थ होते, बोलायला अतिशय गोड, आणि आवाज इतका हळू की पहिल्या बाकावरची पोरंसुद्धा कानामागं हात धरून बसली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पावणं, जरा मोठ्यानं!" तज्ज्ञांनी लगेच काहीतरी लिहून घेतलं.

प्रश्न वाचल्यावर निकाल काय लागणार ते मला दिसायला लागलं. 'बोलताना तुमचा आवाज चढतो असं लोक म्हणतात का?' आता आमच्या गावात कोण कुणाला असं म्हणणार? सगळ्यांचाच चढलेला असतो. 'एखाद्याचं वागणं पटलं नाही, तर तुम्ही त्याला तोंडावर सांगता का?' आमच्याकडे तोंडावर सांगणं हे चांगल्या घरचं लक्षण. 'रस्त्याच्या पलीकडे मित्र दिसला तर काय कराल? अ, जवळ जाऊन बोलेन. ब, हात करेन. क, जागेवरूनच जोरात हाक मारेन.' अख्ख्या नववीनं 'क'वर खूण केली. एकानं तर खाली स्वतःच्या अक्षरात खुलासाही केला होता, 'अ करेपर्यंत तो जातोय की.'

व्हायचं तेच झालं. सगळा वर्ग लाल. अधूनमधून काही पिवळी, काही हिरवी पोरं, आणि निळी म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एकाची दाढ ठणकत होती. एकीची चाचणी ती आजारी असल्यामुळं तिच्या आईनं घरी भरून दिली होती. आणि एक कोडोलीहून येणारा मुलगा होता, त्याला प्रश्नच कळले नव्हते, म्हणून त्यानं सगळीकडे मधल्या पर्यायावर खूण केली होती. तज्ज्ञ त्याच्याविषयी म्हणाले की असं संतुलन मी क्वचितच पाहिलंय.

बाकीच्या निकालाचा मात्र त्यांनी फार धसका घेतला. नववीत आक्रमकतेचं प्रमाण चिंताजनक आहे, असं त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं. आपली चाचणीच चुकली असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. थर्मामीटरनं घरातल्या सगळ्यांना ताप दाखवला तर आमची आई आधी थर्मामीटर झटकून बघायची. पण तिनं काही अभ्यासक्रम केलेला नव्हता.

त्या लाल मुलांमध्ये एक मुलगी होती आणि तिच्यासाठी मला हे सगळं सांगायचंय.

मुलगी इचलकरंजीची. आठवीपासून इथं मावशीकडे राहून आमच्या शाळेत शिकत होती. वडील यंत्रमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, आणि राहत्या खोलीची मागची भिंत म्हणजे कारखान्याचीच भिंत. दिवसपाळी असो नाहीतर रातपाळी, माग चालूच. त्या घरात हळू बोलणं म्हणजे न बोलल्यासारखंच. पहिल्या दिवशी हजेरीला तिनं "हजर बाई!" म्हटलं, तेव्हा काय झालं म्हणून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले.

आवाज असा, आणि मूल इतकं मऊ की काय सांगू. शेजारणीचं गणित चुकलं तर डोळे हिचे भरायचे. मग ती तिला समजवायची, तेही ओरडून, "अगं रडालीस कशाला? कंसाबाहेर वजा हाय की! सगळी चिन्हं बदल!" ती दुसरी रडणं विसरून दचकून चिन्हं बदलायची. स्वतःचं गणितही ही अशीच तोंडानं सोडवायची. आकड्यांशी भांडायची, त्यांना दटावायची, लाडीगोडी लावायची. "ये बाबा क्ष, तू इकडं ये. आलास? आता गप बस हितं." असं म्हणत म्हणत तिचं उत्तर बरोबर यायचं. मध्येच तिला थांबवलं, तर मात्र पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. माझ्या तासाला मी तिला बोलू द्यायचे. तिच्यामुळं शेवटच्या बाकावरच्या पोरांनासुद्धा बीजगणित यायला लागलं होतं, कारण ते त्यांच्या कानावर आदळतच होतं.

राज्यपातळीवरची गणिताची एक परीक्षा असते. तिच्यासाठी प्रत्येक शाळेनं दोन नावं पाठवायची असतात. जी मुलं त्यात येतात त्यांचं अकरावी-बारावीचं शिक्षण, राहणं-जेवणं सगळं मोफत होतं. ह्या मुलीच्या घरी ठरलं होतं, की दहावी झाली की परत यायचं आणि आईबरोबर कांड्या भरायला जायचं. त्यात कुणाची दुष्टाई नव्हती, पुढचं झेपणारं नव्हतं एवढंच. तेव्हा तिच्या पुढच्या शिक्षणाची सगळी भिस्त ह्या एका परीक्षेवर होती. मी आठवीपासून तिची तयारी करून घेत होते, आणि दोनातलं एक नाव तिचं, हे शाळेतल्या भिंतींनाही माहीत होतं.

तज्ज्ञांनी अहवालात लिहिलं, की लाल स्वभावाच्या मुलांना तीन तास एका जागी बसवणाऱ्या परीक्षा हानिकारक असतात. सबब, अशा परीक्षांना फक्त निळी मुलं पाठवावीत.

मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ती आपली एकटीच अशी आहे, जी खात्रीनं त्यात येईल."

ते प्रमाणपत्राखाली बसले होते. म्हणाले, "मॅडम, तिच्या प्रकृतीस जे मानवेल तेच आपण केले पाहिजे. तिला कृतियुक्त शिक्षणाची आवश्यकता आहे."

"म्हणजे काय?"

"पुठ्ठाकाम."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेऊन ते शांतपणे एवढंच म्हणाले, "आपण निळ्या आहात, मॅडम. आपणांस हे शोभत नाही."

वर्गांची वाटणी झाली. मुलांच्या खिशांवर रंगीत फिती आल्या. लाल वर्गाला पुठ्ठे, कात्र्या आणि डिंक मिळाला. निळ्या वर्गाला पुस्तकं आणि दारावर 'मौन' अशी पाटी मिळाली. आठवड्याभरातच पोरांनी त्या रंगांच्या तालमी करून टाकल्या, आमच्याकडे पेठापेठांच्या फुटबॉलच्या असतात तशा. लाल विरुद्ध पिवळा असा फुटबॉलचा सामना मैदानावर झाला. त्यात हिरव्यांनी निवांत बसून दोन्ही बाजूंना शिव्या दिल्या. लाल वर्गानं पुठ्ठ्याचं पहिलं काय केलं असेल, तर कर्णे. तज्ज्ञांनी त्यांचे फोटो काढून घेतले आणि खाली लिहिलं, 'कृतीतून अभिव्यक्ती'.

पालकांना ह्या भानगडीतलं एवढंच कळलं, की निळ्या वर्गात अभ्यास असतो आणि लाल वर्गात नसतो. आमच्याकडे कुठलीही गोष्ट दोन प्रकारची आहे म्हटल्यावर माणूस पहिला प्रश्न विचारतो, बदलून मिळंल का? रोज दोघंतिघं यायला लागले. एक मुरगूडकडचे गृहस्थ तर नगरसेवकाला फोन लावूनच आले आणि फोन मुख्याध्यापकांच्या हातात देऊन म्हणाले, "बोला. पोराला निळा करायचाय." शेवटी पालकसभा बोलावली, आणि समजूत घालायला पुण्याहून तज्ज्ञ आले.

त्यांचं भाषण मागं कुणाला ऐकू गेलं नाही. पुढच्यांना ऐकू गेलं, पण पटलं नाही. तरी सभा तशी खेळीमेळीत चालली होती, म्हणजे सगळे एकाच वेळी बोलत होते. सभा संपल्यावर दुधाचा धंदा असलेले एक पालक बोट रोखून गर्दीतून तज्ज्ञांच्या अंगावर आल्यासारखे आले. "पावणं! असं कसं जाताय? जेवल्याबिगार सोडत न्हाय तुमास्नी! बघतोच कसं जाताय ते!" त्यांच्या मागून आणखी दोघं ओरडले, "व्हय व्हय! आदी आमच्याकडं!"

तज्ज्ञ माझ्या मागं सरकले. "हे रागावलेत का?"

"नाही. जेवायला बोलावतायत."

"मग ओरडतायत का?"

"मनापासून बोलावतायत म्हणून."

त्यांना ते पटलं नसावं. ते मागच्या दारानं निघून गेले, आणि पालक रात्रीपर्यंत हळहळत राहिले की पाहुणा उपाशी गेला. जाता जाता तज्ज्ञ मात्र एक चांगली गोष्ट करून गेले. ज्यांची तक्रार असेल त्यांची फेरचाचणी घेऊ, असं त्यांनी कबूल केलं.

फेरचाचणीला निम्मी नववी बसली. बहुतेक पुन्हा लालच आली, कारण खोटं लिहायचं तर काय लिहायचं हे कुणाला कळलं नाही. माझी इचलकरंजीची मुलगी मात्र निळी झाली, आणि साधी निळी नाही. तज्ज्ञांच्या म्हणण्याप्रमाणे गडद.

मी तिला व्हरांड्यात गाठलं. "कसं काय गं?"

ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "सोपं हाय बाई. मी सगळे प्रश्न एकाखाली एक मांडून बघितले. जिथं माणूस काय करत न्हाय, ती खूण निळी. मग मी कुठंच काय केलं न्हाय."

मी हसले. ती हसली नाही. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हे तिनं हळू आवाजात सांगितलं होतं. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो कानाला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"आता गप बसायचं बाई," ती म्हणाली. "परीक्षा हुईपर्यंत. बसतो की मी."

आणि ती बसली. निळ्या वर्गात कुणी बोलायचं नाही, प्रश्न असेल तर चिठ्ठी लिहायची. शाळेत आल्यापासून ते शाळा सुटेपर्यंत, डबा खाऊन झाला की मधल्या सुट्टीतसुद्धा, पोरं पुस्तकात डोकं घालून असायची. कोडोलीचा संतुलित मुलगा त्या शांततेत इतका रमला की तिसऱ्या तासाला घोरायला लागला. ही मात्र खिडकीशी बसून गणितं करायची. मी दारातून बघायचे. सुरुवातीला नुसते ओठ हलायचे. मग कुणीतरी खुणेनं टोकलं असावं, तेव्हापासून तेही मिटले. हातात पेन आणि चेहरा असा, की घास तोंडात आहे आणि गिळायला मनाई आहे.

सराव परीक्षेत तिची निम्मी गणितं चुकली. डोळे झाकून जी करायची तीसुद्धा चुकली. चिन्हं राहून गेली, कंस उघडेच राहिले. मी पेपर तिच्यापुढं ठेवला तेव्हा ती चुकलेल्या आकड्यांवरनं बोट फिरवत म्हणाली, "ही माझ्याशी बोलंनाच झाल्यात बाई." मला कळलं ती कुणाबद्दल बोलतेय. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"घरी तरी मोठ्यानं कर."

"नगं. सवय लागली तर शाळंत बी तोंडातनं निघंल. मग नाव जाणार की." म्हणून ती मावशीच्या घरीही हळूच बोलायची. दुकानात, रस्त्यात, सगळीकडं.

मी पेपर घेऊन पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, की परिवर्तनाच्या काळात गुण खाली येणं स्वाभाविक आहे, तज्ज्ञांनी तसं सांगितलेलंच आहे. शिवाय ते तिच्यावर फार खूश होते. एक तापट मुलगी त्यांच्या कारकिर्दीत शांत झाली होती. व्हरांड्यातल्या फलकावर त्यांनी तिचा फोटो लावून वर मथळा दिला होता, 'लालकडून निळ्याकडे'. फोटोत तिनं ओठ घट्ट मिटलेले होते. स्वभावाला औषध नाही असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या मुख्याध्यापकांना ते सापडलं होतं, आणि रोगी बरा झाला की नाही हे विचारायची त्यांना गरज वाटत नव्हती.

नावं पाठवायच्या दिवशी मधल्या सुट्टीत माझा मोबाइल वाजला. मी निळ्या वर्गासमोरच्या व्हरांड्यात होते. फोन कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. मुलीची आई बोलत होती.

"बाई! माझ्या पोरीला काय झालंय वो?"

"काही नाही, ती बरी आहे!" मी जमेल तेवढं ओरडून म्हटलं.

"बरी हाय तर मग बोलत का न्हाय? लई दीस झालं, फोनवर तिचं कायबी ऐकू येत न्हाय! पयलं कसं, सगळं ऐकू यायचं! मला कमी येतंय बाई, मागाच्या आवाजानं! समोर असली की मी तोंडाकडं बघून वळखतो, कारखान्यात आमी तसंच बोलतोय! फोनवर तोंड कसं दिसणार? भणीला इचारलं, तर ती म्हणती बरी हाय! मला खोटं सांगालीय! पोरगी आजारी हाय, न्हायतर कुणीतरी तरास द्यालंय तिला! मी उद्या येतो आणि दाखला काढून घरी नेतो!"

हे सगळं व्हरांड्यातल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. मी तशीच निळ्या वर्गात गेले, मुलीला हात धरून बाहेर आणलं आणि फोन तिच्या हातात दिला. "आई आहे. घरी न्यायला येतेय उद्या."

तिचा चेहरा उतरला. मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार समोरच होतं. तिनं त्या दाराकडे बघितलं आणि फोनमध्ये कुजबुजली, "आई, मी बरी हाय."

"आं?"

"मी बरी हाय आई."

"काय म्हणालीस? कोण बोलतंय?"

तिनं पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. दोन्हीकडून तिचंच जाणार होतं. बोलली तर परीक्षा गेली, गप्प राहिली तर शाळा गेली. तिनं डोळे मिटले आणि तिच्या पोटातून तो आवाज आला.

"आई! मी बरी हाय! मला कुणी बी तरास देत न्हाय! तू दाखला काढू नको!"

लाल वर्गातून कुणीतरी पुठ्ठ्याच्या कर्ण्यातून उत्तर दिलं, "ऐकू आलं गं!" निळ्या वर्गाची सगळी डोकी एका वेळी वर झाली. आणि समोरचं दार उघडून मुख्याध्यापक बाहेर आले.

"हे काय चालले आहे? निळ्या वर्गासमोर?" त्यांनी मुलीकडे बघितलं, मग फलकावरच्या तिच्या फोटोकडे बघितलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "हिची पुन्हा चाचणी घ्यावी लागेल. तोवर परीक्षेसाठी हिचे नाव पाठवता येणार नाही."

फोन चालूच होता. पलीकडून आई विचारत होती, "आं? कोण आलं? काय म्हणालं?"

आता हळू बोलायचं तिला काही कारण उरलं नव्हतं. "हेडसर हायत! मला परीक्षेला बसायचं न्हाय म्हणत्यात!"

"का? काय केलंस तू?"

"काय केलं न्हाय! मोठ्यानं बोललो म्हणून!"

पलीकडं मागांचा खडखडाट चालूच होता. मग आई म्हणाली, आणि ह्या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच काही समजत नव्हतं, "मोठ्यानं बोलायचं न्हाय, तर मग मला कसं ऐकू येणार?"

मी तोंड उघडलं होतं, पण मुख्याध्यापकांनी मला हातानं थांबवलं आणि मुलीच्या हातून फोन घेतला. माणूस वाईट नव्हता. पालकांना समजावून सांगणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

"नमस्कार, ताई. आपल्या कन्येचा स्वभाव लक्षात घेता..."

"आं?"

"स्वभाव. प्रत्येकाची अध्ययनशैली..."

"काय? मोठ्यानं बोला की वो सर!"

त्यांनी आवाज थोडा वाढवला. "माणसाचे स्वभाव चार असतात!"

"चार काय असत्यात?"

चार स्वभावांचा सिद्धांत ओरडून सांगता येत नाही. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, लाल आणि निळा हे दोनच शब्द घेऊन. पलीकडून आईनं विचारलं, गणवेश बदललाय काय. निळ्या वर्गाची पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघत होती. लाल वर्ग तर कर्ण्यांसकट बाहेरच आला होता. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागं घट्ट बांधून, आणि फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांचं तिच्याकडं लक्ष गेलं. मग त्यांनी पुन्हा एकदा फलकावरच्या, ओठ मिटलेल्या फोटोकडे बघितलं.

"सर!" आईचा आवाज आला. "एवढंच सांगा! माझी पोरगी बसणार काय न्हाय परीक्षेला? न्हायतर उद्या येतो मी दाखल्याला!"

मुख्याध्यापकांनी घसा खाकरला, गळपट्टीचं बटण काढलं आणि फोन तोंडासमोर धरून बेंबीच्या देठापासून ओरडले.

"बसंल! बसंल की! कोण न्हाय म्हणतंय?"

"हां," पलीकडून आई म्हणाली. "मग दाखला ऱ्हाऊ द्या."